अटलांटिक सिटीचे कॅसिनो: आत शिरायला पैसे नाहीत, मग दर कुठे लिहिलाय?

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांची एक ठरलेली यादी असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टन, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम. मग एखाद्या शुक्रवारी जावई हळूच विषय काढतो, "बाबा, अटलांटिक सिटीला जाऊन येऊ या का?" बाबा आधी "छे, जुगार कसला!" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार असतात.

हा लेख त्या शनिवारसाठी आहे. जिंकायच्या युक्त्या यात नाहीत, कारण तशा युक्त्या मुळात नसतातच. समजून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. गोव्यात मांडवीवरच्या बोटीत चढताना तुम्ही आधीच पैसे मोजता आणि खाणंपिणं बहुतेक त्यातच धरलेलं असतं. अटलांटिक सिटीत दार सताड उघडं, तिकीट नाही, कुणी अडवत नाही. पण आत घालवलेल्या प्रत्येक तासाला एक दर आहे आणि तो बऱ्यापैकी नेमका काढता येतो. टेबलावरच्या कापडावर किंवा मशीनच्या पडद्यावर तो लिहिलेलाही असतो, फक्त "दर" या नावाखाली नाही. तो वाचता आला की कॅसिनो ही एक महागडी पण मजेशीर जागा ठरते. नाही वाचता आला तर नुसतीच महागडी.

एकाच गावात का?

न्यू जर्सी राज्यात कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीत आहेत. राज्यघटनेतच तशी अट आहे. १९७४ साली राज्यभर कॅसिनोंना परवानगी द्यावी का, असं मतदारांना विचारलं गेलं आणि त्यांनी साफ नकार दिला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, तोच प्रश्न या एका गावापुरता विचारला आणि लोक हो म्हणाले. २०१६ साली उत्तर जर्सीतही कॅसिनो आणायचा बेत झाला होता. तोही मतदारांनी मोठ्या फरकाने हाणून पाडला.

गाव निवडण्यामागे कारण होतं. फिलाडेल्फियाहून रेल्वेने माणसं समुद्रावर हवा खायला इथे यायची. किनाऱ्यावरचा लाकडी फळ्यांचा रस्ता, म्हणजे प्रसिद्ध बोर्डवॉक, १८७० साली बांधला, तोही लोकांच्या पायांची वाळू हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत येऊ नये म्हणून. पुढे मोटारी आल्या, मग विमानं आली. सुट्टीला फ्लोरिडा गाठता येऊ लागल्यावर अटलांटिक सिटीला कोण विचारतो? हॉटेलांना अवकळा आली. कॅसिनो हा त्यावरचा उतारा होता.

योगायोग असा की त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर लावणारा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही. जवळपास अर्धशतक तसाच पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. त्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत मशीन, पाण्यावर बोटी आल्या. एकाच वर्षी निघालेल्या या तीन कागदांच्या तीन तऱ्हा.

२६ मे १९७८ ला 'रिसॉर्ट्स' उघडला. नेवाडाबाहेरचा अमेरिकेतला हा पहिला कायदेशीर कॅसिनो, आणि तो आजही त्याच नावाने चालू आहे. मूळ कायद्यात अशी अट होती की कॅसिनो हवा तर सोबत किमान ५०० खोल्यांचं हॉटेल पाहिजे. म्हणूनच इथे गल्लीबोळातले छोटे जुगारअड्डे न दिसता डोंगराएवढ्या इमारती दिसतात. कॅसिनोंच्या उत्पन्नावर ८ टक्के कर बसला आणि तो पैसा राज्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या आणि अपंगांच्या योजनांसाठी, म्हणजे औषधं, प्रवास वगैरेंसाठी, राखून ठेवला. आता दुपारी स्लॉट मशीनसमोर बसलेले चेहरे पाहा. त्यात पांढऱ्या केसांचे किती आहेत ते मोजलंत तर या योजनेतली गंमत लक्षात येईल.

भरभराटीचं टोक २००६ चं. त्या वर्षी कॅसिनोंनी ५.२ अब्ज डॉलर मिळवले. त्याच वर्षी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले आणि घसरण चालू झाली. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडले. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९० साली वाजतगाजत उघडलेला 'ताज महाल' २०१६ मध्ये बंद झाला. त्याच इमारतीत २०१८ पासून 'हार्ड रॉक' आहे. 'ट्रम्प प्लाझा'ची इमारत तर २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडली आणि बघायला लोक जमले होते. "कॅसिनो कधी बुडत नाही" असं कुणी ठासून सांगू लागलं तर हा इतिहास ऐकवावा. टेबलावर कॅसिनो नेहमी पुढे असतो हे खरं, पण कर्जाचे हप्ते आणि विजेचं बिल टेबलावर ठरत नाही.

कुठे काय आहे

आता नऊ कॅसिनो आहेत आणि ते दोन ठिकाणी विभागलेत. बोर्डवॉकवर, समुद्राला लागून, उत्तरेकडून चालत निघालात तर ओशन, हार्ड रॉक, रिसॉर्ट्स, बॅलीज, सीझर्स आणि शेवटी ट्रॉपिकाना. दुसरा गट गावाच्या मागच्या अंगाला, खाडीकडे, मरीना भागात: बोर्गाटा, हॅराज आणि गोल्डन नगेट. बोर्डवॉकवरचे पायी फिरता येतात. मरीनासाठी गाडी किंवा 'जिटनी' नावाच्या छोट्या बस. या जिटनी १९१५ पासून गावात धावताहेत. एकाच दिवसासाठी येत असाल आणि सोबत वडीलधारी असतील तर बोर्डवॉक निवडा. पत्त्यांचा कंटाळा आला तरी समुद्र असतो.

यायला एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे आणि मग अटलांटिक सिटी एक्स्प्रेसवे, वाहतूक नसेल तर पावणेदोन तास. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीहून न्यू जर्सी ट्रान्झिटची ३१९ क्रमांकाची बस, फिलाडेल्फियाहून रेल्वे. उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी परतायचं ठरवू नका. अख्खं उत्तर जर्सी त्याच वेळी किनाऱ्यावरून घरी निघालेलं असतं.

२०२२ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच गावात झालं. त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांना अटलांटिक सिटी आता नाटक, गाणी आणि अधिवेशनातल्या जेवणाच्या रांगांमुळेही आठवते.

वयाची अट २१ वर्षं पूर्ण. ही अट सर्वांना, आणि ती कडक आहे. त्याहून लहान मुलांना घेऊन हॉटेलात, दुकानांत, खाण्याच्या जागी बिनधास्त जा, पण जुगाराच्या जागेतून जाताना थांबायचं नाही. "आजोबा खेळतात तोवर नातू बाजूच्या खुर्चीवर" हे चालत नाही, सुरक्षारक्षक लगेच येतो. आईवडिलांचा पासपोर्ट बरोबर असू द्या. ऐंशीच्या माणसाला वय कोण विचारणार, असं वाटतं, पण मोठी रक्कम लागली किंवा सभासद कार्ड काढायचं झालं तर ओळखपत्राशिवाय काम अडतं.

एक नावडती गोष्ट आधीच सांगतो. न्यू जर्सीत सार्वजनिक इमारतींत धूम्रपानाला २००६ पासून बंदी आहे, पण कॅसिनोंना त्यातून सूट मिळाली. जुगाराच्या जागेच्या २५ टक्के भागात सिगारेट ओढता येते. धुराला टक्केवारी कळत नाही. दम्याचा त्रास असेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

ताशी दर

आता मुद्द्याचं. कुठल्याही खेळाचा तासाचा दर काढायला तीनच आकडे लागतात: एका डावाला किती लावता, तासाला किती डाव होतात आणि प्रत्येक डावात कॅसिनोचा वाटा किती टक्के. तिन्हींचा गुणाकार म्हणजे सरासरी किती पैसे जातील ते. सरासरी, हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या तासाला तुम्ही दोनशे जिंकाल, एखाद्या तासाला तीनशे घालवाल. पण बसत राहिलात तर आकडा तिकडेच झुकतो.

स्लॉट मशीनपासून सुरुवात करू, कारण पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण तिथेच बसतो. मशीनवर मोठ्या अक्षरात "१ सेंट" लिहिलेलं असतं. वाटतं, एका सेंटात काय बिघडतंय? बटणांकडे नीट पाहिलं की कळतं, कमीतकमी पैज ८८ सेंट. एक सेंट हा मशीनच्या एका एककाचा, म्हणजे क्रेडिटचा, भाव झाला, बटण मात्र एका दाबात ८८ क्रेडिट घेतं. हात सवयीचा झाला की तासाला सहाशे वेळा बटण दाबलं जातं. म्हणजे ताशी ५२८ डॉलर मशीनमधून फिरले. मशीनने त्यातले १० टक्के ठेवले तर तासाला ५३ डॉलर गेले. सेंटांच्या मशीनवर! न्यू जर्सीच्या नियमानुसार मशीनने लावलेल्या रकमेपैकी किमान ८३ टक्के दीर्घकाळात परत द्यावे लागतात. प्रत्यक्षात बहुतेक मशीन याहून बरं देतात, पण किमान पातळीवर चालणारं मशीन तुमच्या वाट्याला आलं तर तोच तास नव्वद डॉलरला पडेल.

शेजारी बसून एकदा नीट बघा. बाईंनी ८८ सेंट लावले. चाकं थांबली. घंटा वाजली, नाणी पडल्याचा आवाज आला, पडद्यावर "विजय" झळकला. खाली बारीक आकडा पाहिला तर मिळाले ३० सेंट. म्हणजे बाई ५८ सेंट हरल्या आणि मशीनने त्यांचं अभिनंदन केलं. अशा "विजयां"नी तास कसा निघून जातो ते कळत नाही. आणि एक गैरसमज: "हे मशीन खूप वेळ भरलंय, आता देणार." तसं काही नसतं. बटण दाबलं त्या क्षणी आतला संगणक आकडा उचलतो, मागच्या हजार डावांची त्याला आठवण नसते. चाकं फिरताना दिसतात ती निव्वळ करमणूक.

नाणी केव्हाच गेली. मशीन नोटा घेतं आणि उठताना बटण दाबलं की उरलेल्या रकमेची चिठ्ठी छापून देतं. ती दुसऱ्या मशीनमध्ये घालता येते किंवा यंत्रावर रोख करता येते. चिठ्ठी म्हणजे पैसे, हे विसरू नका. कितीतरी लोक ती मशीनवरच ठेवून जेवायला जातात.

रूले, म्हणजे चाक आणि चेंडू, पाहायला सर्वांत सोपा. चाकावर १ ते ३६ आकडे आणि हिरवी शून्यं. अमेरिकन चाकावर शून्यं दोन, म्हणजे एकूण ३८ घरं. पैसे मात्र ३६ घरं असल्यासारखे मिळतात. मधला फरक, ५.२६ टक्के, कॅसिनोचा. १५ डॉलरची पैज, तासाला चाळीस फेऱ्या: साडेएकतीस डॉलर. पण अटलांटिक सिटीत एक चांगला नियम आहे. दोन शून्यांच्या चाकावर तुम्ही लाल-काळा किंवा सम-विषम अशी निम्म्या-निम्म्याची पैज लावली आणि चेंडू शून्यावर पडला, तर अर्धीच रक्कम जाते, अर्धी परत मिळते. त्यामुळे वाटा निम्म्यावर, २.६३ टक्क्यांवर, येतो आणि तोच तास सोळा डॉलरला पडतो. लास व्हेगासला सरसकट हे मिळत नाही. बसण्याआधी डीलरला, म्हणजे टेबल चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारून खात्री करून घ्या. आणि चाकावर तीन शून्यं दिसली तर पुढे चला. तिथे वाटा ७.६९ टक्के आहे, म्हणजे तोच खेळ, तीच खुर्ची, ताशी सेहेचाळीस डॉलर.

क्रॅप्स, फाशांचा खेळ, लांबून भांडण चालल्यासारखा वाटतो म्हणून आपली मंडळी फिरकत नाहीत. खरं तर त्यातली 'पास लाइन' ही साधी पैज फक्त १.४१ टक्क्यांची आहे. टेबलाच्या मधोमध छापलेल्या रंगीत पैजा मात्र टाळा, एखादीचा वाटा १६ टक्क्यांच्या पुढे जातो.

ब्लॅकजॅकचं टेबल, जवळून

पत्त्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला सगळ्यात आवडेल तो ब्लॅकजॅक. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ च्या पुढे जायचं नाही. सामना फक्त डीलरशी. चित्राची पानं दहाची, एक्का एक किंवा अकराचा. एक्का आणि दहा पहिल्याच दोन पानांत आले की तो ब्लॅकजॅक.

खुर्चीत बसण्याआधी कापड वाचा. हिरव्या किंवा निळ्या कापडावर अर्धवर्तुळात छापलेलं असतं, ब्लॅकजॅकला "तीनास दोन" मिळतील की "सहास पाच". दोन्हींत फरक काय? वीस डॉलर लावून ब्लॅकजॅक आला तर पहिल्या टेबलावर तीस मिळतात, दुसऱ्यावर चोवीस. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तासाला सत्तर डाव धरले तर तीनचार वेळा, दर वेळी सहा डॉलर कमी. तासाला वीसेक डॉलर नुसत्या त्या छापील ओळीत गेले. इकडे नीट खेळणाऱ्याला चांगल्या टेबलावर कॅसिनोचा वाटा अर्धा ते एक टक्का, म्हणजे ताशी सात ते चौदा डॉलर. त्या एका ओळीमुळे तो दर दुपटीतिपटीने वाढतो. पण स्वस्त टेबलांवर, जिथे नवखे बसतात, तिथे बहुधा "सहास पाच" असतं. कमी पैजेचं टेबल पाहून उडी मारू नका, आधी ती ओळ वाचा.

पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत. नोट कापडावर ठेवायची. डीलर ती पसरून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवतो, मोठ्याने रक्कम सांगतो, चिप्स मोजून तुमच्याकडे सरकवतो आणि नोट प्लास्टिकच्या पट्टीने टेबलातल्या फटीत ढकलतो. लाल चिप पाच डॉलरची, हिरवी पंचवीसची, काळी शंभराची. हिरवी चिप फेकताना पंचवीस डॉलर म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर, हे हाताला जाणवत नाही. चिप्सचा सगळा उपयोगच तो.

पानं उघडी वाटली जातात, त्यांना हात लावायचा नाही. पान हवं असेल तर बोटाने कापडावर टकटक, नको असेल तर हात आडवा हलवायचा. तोंडाने बोललेलं कॅमेऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून खूण सक्तीची. कुठल्या पानाला काय करायचं याचा छापील तक्ता हॉटेलच्या दुकानात मिळतो आणि तो टेबलावर ठेवून खेळायला कुणी हरकत घेत नाही. घ्या तो. लाज बाळगू नका. त्यात न बसणारा सल्ला शेजारचा अनुभवी गृहस्थ देईल, त्याला हसून मान डोलवा आणि तक्ता सांगतो तेच करा. बाजूच्या छोट्या वर्तुळातल्या जोडपैजा आणि डीलरकडे एक्का दिसताच तो देऊ करतो तो "विमा", या दोन्हींना नाही म्हणा.

पानं मोजणाऱ्यांचं, म्हणजे कुठली पानं येऊन गेली ते लक्षात ठेवून पैज कमीजास्त करणाऱ्यांचं, काय? या बाबतीत अमेरिकेत न्यू जर्सी वेगळं आहे. केन यूस्टन नावाच्या खेळाडूला 'रिसॉर्ट्स'ने पानं मोजतो म्हणून बाहेर काढलं, तो कोर्टात गेला आणि १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निव्वळ डोक्याने पानं लक्षात ठेवणाऱ्याला कॅसिनो आपल्या मनाने बंदी घालू शकत नाही. त्यामुळे इथे हाकलत नाहीत. वाटेल तेव्हा पुन्हा पिसतात, पैजेवर मर्यादा घालतात. मोजणारा कंटाळून स्वतःच उठतो.

डोकं चालवण्याची हद्द कुठे संपते, याचं उत्तर बोर्गाटाच्या खटल्यात मिळालं. पोकरपटू फिल आयव्ही यांनी २०१२ मध्ये तिथे बॅकरा या खेळात ९६ लाख डॉलर जिंकले. पानांच्या पाठीवरच्या नक्षीत किंचित असमानता होती. शुभशकुनाचं निमित्त सांगून डीलरकडून ठरावीक पानं उलट दिशेने ठेवून घेतली की पाठीवरून मोठं पान ओळखता येई. कोर्टाने २०१६ मध्ये पैसे परत करायला लावले आणि २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. बॅकरा आपल्यासारख्यांना मात्र सोपा आणि स्वस्त आहे. 'बँकर' आणि 'प्लेयर' अशा दोन बाजूंना पानं वाटतात, कुठली बाजू जिंकेल यावर पैज. कॅसिनोचा वाटा 'बँकर'वर १.०६ टक्के, 'प्लेयर'वर १.२४. 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, चौदा टक्क्यांहून जास्त, तिकडे बघूही नका.

पैसे, फुकटच्या गोष्टी आणि कर

खेळत असताना पेय फुकट मिळतं. आणणाऱ्या मुलीला एकदोन डॉलर द्यायची रीत आहे. सभासद कार्डही फुकट, आणि ते घालून खेळलात तर जेवण, खोली, पार्किंग असं काहीबाही मिळत राहतं. कॅसिनो हा हिशेब तुमच्या ताशी दरावरूनच करतो: तुमच्याकडून सरासरी किती येतील हे काढून त्यातला एक भाग तुम्हाला परत देतो. तेव्हा "जेवण फुकट मिळालं" असं सांगताना जेवणाची किंमत आपणच दिलीय हे मनात असू द्यावं. जेवण म्हणून ते वाईट नसतं, एवढं मात्र खरं.

पैसे घरूनच रोख आणा. आतल्या एटीएमची वेगळी फी लागते आणि क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज. भारतातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: परकीय चलनाच्या भारतीय नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स यांसाठी देशातून पैसे पाठवायला मनाई आहे. त्यामुळे भारतीय बँकेचं कार्ड कॅसिनोच्या खिडकीत पुढे करायचा विचार नकोच.

आता समजा बाबांना लागलं. मशीन अचानक गोठतं, डोक्यावरचा दिवा फिरू लागतो, आजूबाजूचे माना वळवतात. मशीनचा मोठा डाव ठरावीक रकमेच्या वर गेला की पैसे आपोआप मिळत नाहीत, माणूस फॉर्म घेऊन येतो. ही मर्यादा वर्षानुवर्षं १,२०० डॉलर होती, २०२६ पासून ती २,००० केली आहे. अमेरिकेचा कररहिवासी असेल तर रक्कम नोंदली जाते आणि तो वर्षाअखेरीस विवरणपत्रात दाखवतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीयाचं तसं नाही. त्याच्या रकमेतून तिथल्या तिथे ३० टक्के कापून घेतात आणि हातात १०४२-एस नावाचा फॉर्म देतात. काही देशांशी असलेल्या करारांमुळे त्यांच्या नागरिकांना ही कपात माफ आहे, भारत त्यात नाही. आधी हरलेले पैसे वजा करून मागायचीही सोय नाही. गंमत म्हणजे ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स आणि रूले या टेबलांवर परदेशी पाहुण्याने जिंकलेल्या पैशावर ही कपात लागत नाही. म्हणजे मशीनवर पाच हजार लागले तर हातात साडेतीन हजार, रूलेवर पाच हजार जिंकलात तर पाचही हजार हातात. बाबा भारतात कररहिवासी असतील तर हे उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रातही येतं, तो फॉर्म सांभाळून ठेवा आणि सीएला दाखवा.

इथे कायम राहणाऱ्यांसाठी २०२६ पासून एक नवा काच आला आहे: जुगारातल्या तोट्यापैकी ९० टक्केच वजा करता येतो. वर्षभरात दहा हजार जिंकले, दहा हजार हरले, तरी हजार डॉलरवर कर. अधूनमधून जाणाऱ्याला फरक पडत नाही, नेमाने जाणाऱ्याला पडतो.

रोख दहा हजार डॉलरच्या वर व्यवहार झाला तर कॅसिनो सरकारला कळवतो. तेवढीच रोख विमानाने देशाबाहेर नेताना जाहीर करावी लागते. जाहीर करणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

ज्यांना खेळायचंच नाही

निम्मी मंडळी खेळत नाहीत, हा नेहमीचा अनुभव. बोर्डवॉकवर चाकांच्या खुर्च्या मिळतात, माणूस मागून ढकलतो. गुडघेदुखीवाल्यांना हे उत्तम, फक्त भाडं आधी ठरवा. बोर्डवॉक हॉलमध्ये तेहतीस हजारांहून जास्त नळ्यांचा जगातला सर्वांत मोठा पाइप ऑर्गन आहे. ॲबसीकन दीपगृह १८५७ चं आहे, पायऱ्या २२८, वरून गाव आणि समुद्र दोन्ही दिसतात. दक्षिणेला मार्गेटमध्ये १८८१ साली बांधलेली सहा मजली हत्तीची इमारत आहे, नाव लूसी, पोटात जिना. नातवंडं असतील तर कॅसिनोपेक्षा ही हत्तीण लक्षात राहते.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण 'व्यापार' खेळलो, त्याचा मूळ अमेरिकन खेळ मोनोपॉली. त्याच्या पटावरचे रस्ते या गावचे आहेत. बॉल्टिक, पार्क प्लेस, बोर्डवॉक या पाट्या रस्त्यात खरोखर दिसतात. पटावर बोर्डवॉक सर्वांत महाग. प्रत्यक्षात त्याच्या एक गल्ली मागे गेलं की ओसाड प्लॉट आणि गहाणवटीची दुकानं लागतात. अब्जावधी डॉलर येऊनही ते गावात मुरले नाहीत, हे तिथे दोन मिनिटं चालल्यावर कळतं. रात्री त्या गल्ल्यांत एकटं फिरू नका.

घरी परतल्यावर

हा भाग लोक विचारत नाहीत, पण खरी मेख इथेच आहे. नोव्हेंबर २०१३ पासून न्यू जर्सीत कॅसिनोचे खेळ फोनवरही कायदेशीर आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यू जर्सीनेच लढवलेल्या खटल्यात, खेळांवरच्या सट्ट्यावरची केंद्राची बंदीही उठवली. अट एवढीच की वय २१ आणि फोन राज्याच्या हद्दीत हवा. म्हणजे एडिसनच्या सोफ्यावर बसून चालतं, नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये गेलं की ॲपवरचे कॅसिनोचे खेळ बंद. भारतात परतल्यावर तर प्रश्नच नाही, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तिथे २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला. ताशी दराचा हिशेब फोनवर कोलमडतो, कारण प्रवास नाही, डीलर पिसायला थांबत नाही, डाव दुप्पट वेगाने होतात आणि शेजारी बघणारं कुणी नसतं. बाबा भारतात जातात, जावई इथेच राहतो. घरात कुणाचं जाणं किंवा ॲप हाताबाहेर गेलंय असं वाटलं तर १-८००-गॅम्बलर (1-800-GAMBLER, ही इंग्रजी अक्षरं फोनच्या बटणांवर दाबायची) या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून ठरावीक मुदतीसाठी स्वतःला बंदी घालून घेण्याचीही सोय आहे. ती सगळ्या कॅसिनोंना आणि ॲपना लागू होते, मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही, आणि त्या काळात चोरून खेळून काही जिंकलं तर ते राज्य जप्त करतं.